पीटीएच हे हॉर्मोन हाडातलं कॅल्शियम काढतं म्हणतात, मग तेच इंजेक्शन हाड भरायला कसं देतात?

पूर्वभागातली:

नमस्कार. प्रश्न मोठा आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण तुकड्या-तुकड्यानं विचारलं की प्रत्येकजण आपापला तुकडा सांगतोय आणि मला काही जुळंना.

माझी अम्मा ५६ वर्षांची. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगु, शाळा-कॉलेज सगळं मराठीत. अम्मा लग्नाच्या आधीपासून विड्या वळते, सकाळी मांडीवर सूप घेऊन बसली की जेवायलाच उठणार, दिवसाला हजाराचा हिशोब. गेल्या महिन्यात मोरीत पाय घसरला, हात टेकवायला गेली आणि उजवं मनगट मोडलं. नुसती उभ्याउभ्या पडली ओ, कुठनं उंचावरून नाही. प्लास्टर घातलं आणि हाडाचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडतंय म्हणजे हाडाची घनता बघायला पाहिजे. डेक्सा केलं, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.९ आला. रक्तात व्हिटॅमिन डी ९, पीटीएच ९८ (लॅबच्या कागदावर ६५ च्या पुढं जास्त असं लिहिलंय), आणि कॅल्शियम ८.७, म्हणजे नॉर्मल!

डॉक्टरांनी सांगितलं की आधी डी भरून काढू, मग वर्षातून एकदा द्यायचं सलाईन आहे, त्यानं हाड खाणाऱ्या पेशी थंड पडतात. समजावून सांगितलं त्यांनी, तक्रार नाही, पण बाहेर पन्नास माणसं बसलेली, किती विचारणार.

मी बीएस्सी झूलॉजी केलंय, आता टॉवेलच्या एक्स्पोर्ट ऑफिसात आहे. ऑस्टिओब्लास्ट हाड बांधतो, ऑस्टिओक्लास्ट हाड खातो, पॅराथायरॉइड हॉर्मोन म्हणजे पीटीएच वाढलं की हाडातनं कॅल्शियम रक्तात येतं, एवढं पाठ आहे. पण मग अडकले. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असताना हाडं पोकळ कशी? दुसरं, आमच्या गल्लीतल्या एका मावशींना मणका दबल्यावर रोज पोटावर घ्यायचं पेन इंजेक्शन दिलंय, त्याच्या आतल्या कागदावर बघितलं तर ते पीटीएचचाच तुकडा आहे, म्हणजे जे हॉर्मोन वाढलं म्हणून अम्माची हाडं जायलीत तेच दुसऱ्या बाईला हाडं भरायला देतात? आणि तिसरं म्हणजे मी जुनं पुस्तक काढून वाचायला गेले तर त्यात लिहिलंय की ऑस्टिओक्लास्टवर पीटीएचचा महत्त्वाचा रिसेप्टरच (निरोप घेणारी जागा) नाही. मग पीटीएचचं ऐकतं कोण?

अम्मा रोज विचारते, "काय झालं गं हाडांना," आणि मला तिला दोन वाक्यांत नीट सांगता येईना, त्याचं जास्त वाईट वाटतं.

तास_आणि_स्लाईड:

ताई, प्रश्न फार चांगला विचारलाय. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, हाच धडा दरवर्षी घेतो आणि दरवर्षी इथंच सगळ्या अडकतात. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, तो सुटला की पहिले दोन आपोआप सुटतात.

सोलापूरच्या माणसाला हे लूमवरनं पटकन कळतं. कारखान्यात मालक प्रत्येक कारागिराला जाऊन सांगतो का, हा माग चालू कर, तो बंद ठेव? नाही. मालक जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणाऱ्याला, सांगतो आणि जॉबर मागावर जाऊन बघतो. हाडात पीटीएच हा मालकाचा निरोप आणि ऑस्टिओब्लास्ट घराण्यातल्या पेशी म्हणजे जॉबर. रिसेप्टर आहे तो ह्यांच्याकडं. बांधणाऱ्या पेशीकडं! आणि हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट असतात त्यांच्याकडं. ह्या ऑस्टिओसाइट आपण शिकताना विसरूनच जातो, पण हाडातल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्याच असतात.

पीटीएच आलं की ह्या पेशी आपल्या अंगावर एक प्रोटीन काढतात, त्याचं नाव रँक-एल. ही चिठ्ठी समजा. ऑस्टिओक्लास्ट होऊ घातलेली जी कच्ची पेशी असते, तिच्या अंगावर ही चिठ्ठी घेणारा रिसेप्टर असतो, रँक. ही कच्ची पेशी हाडाच्या घराण्यातली नाहीच मुळी, ती रक्ताच्या घराण्यातली आहे, मोनोसाइट-मॅक्रोफेजची भावकी. तिला जगायला आणि वाढायला एम-सीएसएफ नावाचा दुसरा एक रेणू लागतो, तोही जॉबरच पुरवतो. एम-सीएसएफ आणि रँक-एल दोन्ही मिळाले की ह्या कच्च्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि एकच मोठी पेशी तयार होते. तो ऑस्टिओक्लास्ट.

आता खरी गंमत. जॉबर एका हातानं चिठ्ठी देतो आणि दुसऱ्या हातानं तीच चिठ्ठी वाटेत अडवणारा माणूसही सोडतो. त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन, ओपीजी म्हणू. ओपीजी रँक-एलला जाऊन चिकटतो आणि चिठ्ठी रँकपर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे हाड किती खाल्लं जाणार हे पीटीएच एकट्यावर नाही, रँक-एल किती आणि ओपीजी किती ह्या प्रमाणावर ठरतं. पीटीएच सतत वाढलेलं राहिलं तर रँक-एल वाढतो, ओपीजी कमी होतो. तराजूची दोन्ही पारडी एकाच बाजूला ढकलल्यासारखं.

हे कुणाच्या डोक्यात कसं आलं तेही सांगतो, मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. १९८१ मध्ये रोडान आणि मार्टिन ह्या दोघांनी मांडलं की पीटीएचचा रिसेप्टर ऑस्टिओब्लास्टकडं आहे, तर मग खाण्याचा हुकूम बांधणाऱ्या पेशीमार्फतच जात असणार. त्या वेळी हे उलटंच वाटायचं. मग प्रयोगशाळेत नुसते ऑस्टिओक्लास्ट हाडाच्या पातळ चकतीवर ठेवून पीटीएच घातलं तर ते जागचे हलेनात, आणि सोबत ऑस्टिओब्लास्ट घातले की खड्डे वाढले. १९८८ ला जपानमध्ये सुदा यांच्या गटानं दाखवलं की उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि ऑस्टिओब्लास्ट एकत्र वाढवले तर ऑस्टिओक्लास्ट तयार होतात, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श व्हायला पाहिजे, मध्ये पडदा ठेवला की नाही होत. म्हणजे चिठ्ठी हातोहात द्यायची आहे, हे कळलं, पण चिठ्ठी काय आहे ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९९७ ला आधी ओपीजी सापडला, अडवणारा आधी आणि चिठ्ठी नंतर! ज्या उंदरांत ओपीजी जास्त केला त्यांची हाडं नको तितकी घट्ट झाली. पुढच्या वर्षी कळलं की ती चिठ्ठी म्हणजे रँक-एल. मग रँक-एल नसलेले उंदीर तयार केले तर त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट एकही नाही, आणि त्यांचे दात हिरडीतनं वरच आले नाहीत, कारण दात वर यायलासुद्धा वाटेतलं हाड कुणीतरी खावं लागतं.

म्हणून ऑस्टिओक्लास्टला शत्रू म्हणू नका, मी मुलींनाही हेच सांगतो. आमच्याकडं डिकॅल्सिफाय केलेल्या, म्हणजे खनिज काढून मऊ केलेल्या हाडाची एक जुनी स्लाईड आहे. मायक्रोस्कोपखाली गुलाबी हाडाच्या कडेला एक खोबण दिसते, दातानं चावा घेतल्यासारखी, तिला हाउशिपची खोबण म्हणतात, आणि त्या खोबणीत अंग चोरून बसलेली एक मोठी फेसाळ गुलाबी पेशी. तिच्यातली केंद्रकं मोजायला लावतो मी. आठ येतात, कधी बारा. त्याच हाडाच्या दुसऱ्या काठाला ऑस्टिओब्लास्ट एका ओळीत उभे, निळसर, प्रत्येकाला एकच केंद्रक. एक खातोय आणि पलीकडं रांगेनं भरणारे उभे आहेत, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. मोठी पेशी हाडाला घट्ट चिकटून खाली एक बंद जागा करते, तिथं आम्ल सोडते, त्यानं खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन-के नावाचं एन्झाइम उरलेलं कोलॅजेन कापतं. एका ठिकाणचं खाणं दोन-तीन आठवड्यांत संपतं. भरायला तीन-चार महिने लागतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण खाण्याच्या जागा एकदम वाढल्या की भरणारे मागं पडतात ते ह्याच हिशोबानं.

आता तुमचा पहिला प्रश्न. अम्मांचं कॅल्शियम नॉर्मल आहे ते पीटीएचमुळंच नॉर्मल आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात, रक्तात अगदी थोडं, पण ते थोडं हललं तर हृदय, स्नायू, नसा सगळं बिघडतं, म्हणून शरीर त्या आकड्याला जपतं आणि हाडाला खर्ची घालतं. डी ९ म्हणजे आतड्यातनं कॅल्शियम नीट आत येत नाही. मग पीटीएच वाढतं, ते मूत्रपिंडाला सांगतं कॅल्शियम सोडू नको, तिथंच डी चं काम करणारं रूप तयार करायला लावतं, आणि हाडातनं उसनं काढतं. उसनं रोज चालू राहिलं तर पेटी रिकामी होणारच ना. ह्याला सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. डॉक्टरांनी आधी डी भरायचं म्हटलं ते एकदम बरोबर, कारण डी आणि कॅल्शियम कमी असताना एकदम खाणाऱ्या पेशी बंद केल्या तर रक्तातलं कॅल्शियम खाली कोसळू शकतं. सलाईनच्या आधी किडनीची तपासणीपण करतात, ती झाली का विचारून घ्या.

आणि दुसरा प्रश्न, मावशींचं इंजेक्शन. ते टेरिपॅराटाइड असणार. पूर्ण पीटीएच ८४ अमिनो आम्लांचं, त्यातली पहिली ३४ घेऊन केलेलं. रोज २० मायक्रोग्रॅम. ते टोचल्यावर रक्तात चढतं आणि काही तासांत उतरतं, मग दिवसभर काही नाही. अशी रोज एक छोटी थाप बसली की जॉबर आधी बांधणाऱ्यांना कामाला लावतो, ऑस्टिओब्लास्ट जास्त जगतात, झोपलेले जागे होतात, आणि ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचा बांधकामाला ब्रेक लावणारा रेणू कमी सोडतात. चिठ्ठ्याही वाढतात, पण त्या मागनं. मधल्या काळात बांधणं पुढं असतं. अम्मांच्या अंगात मात्र पीटीएच चोवीस तास चढलेलं आहे, तिथं चिठ्ठ्या थांबतच नाहीत. निरोप एकच आहे, पण दिवसातनं एकदा येणं आणि रात्रंदिवस कानाशी चालू असणं ह्यात एवढा फरक पडतो.

जॉबरचा दाखला पूर्ण लागू पडत नाही हेही सांगतो, कारण काही निरोप ऑस्टिओक्लास्टला थेट पण पोचतात. कॅल्सिटोनिन हे त्यातलं ठळक. त्याचा रिसेप्टर ऑस्टिओक्लास्टवरच आहे, ते लागलं की ती पेशी काही मिनिटांत हाडाकडची झालर आवरून घेते आणि गप्प बसते. पण थोड्याच काळात तिला त्याची सवय होते आणि असर ओसरतो, म्हणून औषध म्हणून ते आता मागं पडलंय.

गावाकडचा_८०:

एवढं कशाला डोक्यात घेताय ताई. आमच्या आजीनं ९० वर्षं ज्वारीची कडक भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली, एक हाड मोडलं नाही. अम्मांना नाचणी, तीळ, दूध चालू करा, सकाळी उन्हात बसवा. सोलापूरला काय उन्हाला तोटा आहे का, वर्षभर भाजतंय. इंजेक्शनं टाळा.

फार्मासिस्ट_जुळेसोलापूर:

दादा, खाण्याचं बरोबर आहे आणि ते करायलाच पाहिजे, पण टी-स्कोअर उणे २.९ आणि वर मनगट मोडलेलं, आता नुसत्या तिळावर सोडू नका ताई. एक फ्रॅक्चर झालं की पुढच्याची शक्यता वाढते, आणि पुढचं खुब्याचं असलं तर माणूस अंथरुणाला खिळतं.

उन्हाचं म्हणाल तर ऊन गावात आहे, अंगावर कुठं आहे? ह्या बायका सकाळपासून घरात सुपासमोर, बाहेर निघाल्या तर डोक्यावरनं पदर, हातभर ब्लाउज. चार वाजता पानाचं गाठोडं घेऊन कारखान्यात जायचं, तेवढंच ऊन. माझ्या काउंटरवर पूर्व भागातल्या किती बायका डी चे सॅशे न्यायला येतात.

मला दुसरं एक विचारायचंय. अम्मा कधी सांधेदुखीसाठी पुड्या घेत होत्या का? नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या, कागदात बांधून देतात, दोन दिवसांत एकदम बरं वाटतं त्या? त्यात पुष्कळदा स्टिरॉइड निघतं. स्टिरॉइडनं रँक-एल वाढतो, ओपीजी कमी होतो, आणि दुसऱ्या बाजूनं बांधणाऱ्या पेशी आणि ऑस्टिओसाइट मरतात, म्हणजे दोन्हीकडनं मार. पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच हाड सगळ्यात जोरात जातं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर चालणार असेल तर हाडांकडं बघावंच लागतं. माझ्या स्वतःच्या काकू अशाच पुड्यांवर चार वर्षं होत्या, तीन मणके दबले, उंची दोन इंच कमी झाली, साडीच्या निऱ्या वर खोचायला लागायच्या, तेव्हा घरात कळलं. आणि हे वाचून कुणी घेत असेल तर हात जोडून सांगतो, एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, डॉक्टरांच्या हातानं हळूहळू कमी करा.

पूर्वभागातली:

सर, खूप खूप धन्यवाद. जॉबरचं मी रात्री अम्माला सांगितलं. माझे वडील जॉबरच होते, त्यामुळं तिला दोन वाक्यांत कळलं, म्हणाली म्हणजे जॉबर खराब नाही, मालक सारखा ओरडायलाय. मला रडूच आलं.

दादा, पुड्यांचं विचारलं. मध्ये एकदा पंधरा दिवस घेतल्या होत्या म्हणते, गुडघ्यासाठी, दहा-बारा वर्षांपूर्वी. नंतर नाही. मग तेवढ्यानं एवढं?

माढ्याची_लेक:

ताई, पंधरा दिवसांच्या पुड्यांनी एवढं नाही होणार. मी गावात आरोग्याचं काम करते, बायकांच्या घरोघरी जाते, म्हणून एक विचारते, राग मानू नका. अम्मांची पिशवी काढलीय का? आणि काढली असेल तर कितव्या वर्षी?

सरांनी सगळं सांगितलं पण इस्ट्रोजेनचं राहिलं, आणि बायकांच्या हाडांत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे. इस्ट्रोजेन आहे तोवर जॉबर ओपीजी जास्त सोडतो, रँक-एल आवरलेला असतो, आणि ऑस्टिओक्लास्टचं आयुष्य कमी राहतं, त्या वेळेवर मरतात. इस्ट्रोजेन गेलं की टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि आजूबाजूच्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे सूज आणणारे रेणू जास्त सोडायला लागतात, तेही खाणाऱ्या पेशींना पोसतात, आणि त्या मरायच्या त्या जास्त दिवस जगून खातच बसतात. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे हे फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ लाच लिहून ठेवलं होतं, चिठ्ठ्या-बिठ्ठ्या कळायच्या कितीतरी आधी. आणि हे फक्त बायकांचं नाही. १९९४ ला २८ वर्षांच्या एका पुरुषाची केस छापून आली, त्याच्यात इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच बिघडलेला होता, उंच माणूस, पुरुषी हॉर्मोन व्यवस्थित, तरी हाडं ठिसूळ आणि त्या वयातही वाढीच्या जागा बंद झालेल्या नाहीत. म्हणजे पुरुषाच्या हाडालापण इस्ट्रोजेन लागतं.

आता पिशवीचं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते पण अंडाशय आत असतात, इस्ट्रोजेन चालू राहतं. पण पुष्कळ ठिकाणी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढून टाकतात आणि बाईला सांगतच नाहीत, किंवा सांगितलं तरी "पिशवी काढली" एवढंच तिच्या लक्षात राहतं. तसं झालं तर ज्या दिवशी ऑपरेशन त्या दिवशी इस्ट्रोजेन बंद, पस्तिशीत. पन्नाशीत हळूहळू जायचं ते पंधरा वर्षं आधी आणि एका झटक्यात. माझ्या भागात मी अशा किती बायका बघते, चाळिशीत पाठ दुखते म्हणून बसलेल्या, आणि कुणी जोडूनच बघत नाही की ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या तर विचारूच नका, पाळीचा त्रास म्हणून पटकन काढून मोकळं. मला ह्याचा फार राग येतो, कारण कागदावर एक ओळ लिहून दिली असती की हिला पुढं हाडांसाठी बघा, तर किती जणींचं वाचलं असतं.

जुना डिस्चार्ज कार्ड शोधा ताई. ट्रंकेत, लग्नाच्या साड्यांखाली असतो बघा बहुतेक.

दाताची_इंटर्न:

एक छोटी गोष्ट, पण सलाईनच्या आधीची आहे म्हणून घाईनं लिहिते. अम्मा मिशरी लावतात का? विड्या वळणाऱ्या बऱ्याच मावश्या लावतात म्हणून विचारलं. हिरड्यांत जुनी सूज असेल तर तिथंपण हाच रँक-एलचा खेळ चालू असतो, दाताभोवतीचं हाड खाल्लं जातं आणि दात हलायला लागतात. वर्षाचं जे सलाईन म्हणतायत ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, ५ मिलिग्रॅम. ते जाऊन हाडाला चिकटतं, ऑस्टिओक्लास्ट तिथलं हाड खायला गेला की औषध त्याच्याच पोटात जातं आणि तो निकामी होतो. चांगलं औषध आहे, पण ते दिल्यावर लगेच दात काढायची वेळ आली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं राहतं. हाडं ठिसूळ आहेत म्हणून घेणाऱ्यांत हे खूप कमी दिसतं, कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत जास्त. तरी जे दात काढायचेत, ज्या हिरड्या साफ करायच्यात ते आधी उरकून घ्या, जखम भरू द्या, मग सलाईन. आणि नंतर कुठल्याही दातवाल्याकडं गेलात की सांगायचं.

तारा लावून दात सरकवतो तेव्हापण हेच असतं, ज्या बाजूला दाब पडतो तिथं रँक-एल वाढून हाड खाल्लं जातं, मागच्या बाजूला नवीन भरतं, आणि दात चालत चालत जागेवर येतो. मला तर हाड म्हटलं की दगड वाटायचं आधी, आता वाटतं की कायम काम चालू असलेला रस्ता आहे.

फार्मासिस्ट_जुळेसोलापूर:

ह्यात एक जोडतो, कारण दुकानात लोक गल्लत करतात. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं ६० मिलिग्रॅमचं एक वेगळं इंजेक्शन असतं, डेनोसुमॅब. ते हाडाला चिकटत नाही, ते थेट रँक-एलला धरणारं अँटीबॉडी आहे, म्हणजे सरांनी सांगितलेल्या ओपीजीचं काम बाहेरनं केलेलं. अमेरिकेत २०१० ला मंजूर झालं. असर जोरदार, पण तारीख चुकवायची नाही. झोलेड्रॉनिक हाडात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, एखादवेळी उशीर झाला तर धकून जातं. डेनोसुमॅब उतरलं की अडवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम सुटतात आणि हाड आधीपेक्षा जोरात खाल्लं जातं, काहींचे एकापाठोपाठ मणके दबलेत असं. बरं वाटतंय म्हणून कुणीही हे मनानं बंद करू नका, बंद करायचं तर त्याजागी दुसरं औषध डॉक्टर सुरू करतात. अम्मांना हे दिलेलं नाही, पण हा धागा वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी असेल म्हणून लिहिलं. आणि गल्लीतल्या मावशींना सांगा, त्यांचं टेरिपॅराटाइड साधारण दोन वर्षांपर्यंत देतात आणि संपल्यावर खाणाऱ्या पेशी आवरणारं औषध लागतं, नाहीतर भरलेलं हाड परत जातं. पेन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

पूर्वभागातली:

माढ्याच्या ताई, कार्ड सापडलं. ट्रंकेतच होतं, साड्यांखाली नव्हतं, माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकात घालून ठेवलेलं. घडी उघडताना मधून फाटलं, शाई पुसट झालीय. अम्माचं वय ३६ लिहिलंय. पुढं इंग्रजीत ऑपरेशनचं नाव, मी तीनदा वाचलं, गर्भाशय आणि पुढं "बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी". म्हणजे दोन्ही अंडाशय. वीस वर्षं झाली. अम्माला विचारलं तर म्हणाली, मला पिशवी एवढंच सांगितलं होतं, अंगठा घेतला आणि नेलं. त्यानंतर अंगातनं वाफा यायच्या, रात्रीची झोप नव्हती, तिला वाटायचं विडीच्या तंबाखूनं होतंय.

काल कार्ड घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी केसपेपरवर वरतीच लिहून घेतलं, म्हणाले हे आधी कळायला पाहिजे होतं. डी आठवड्याला ६०,००० चा सॅशे, आठ आठवडे, कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, मग परत डी, कॅल्शियम, पीटीएच आणि किडनीची तपासणी, आणि सगळं बरोबर असेल तर झोलेड्रॉनिक. मिशरी लावते ती, हो. दाताची वेळ शनिवारची घेतलीय, खालची एक दाढ हलतीय.

सर, शेवटचं एक. त्यांनी सीटीएक्स नावाची एक टेस्ट लिहून दिलीय, सलाईनच्या आधी करायची म्हणून. ती काय आहे आणि कधी करू?

तास_आणि_स्लाईड:

ताई, कार्ड शोधलंत हे फार मोठं काम केलंत. आणि माढ्याच्या ताईंनी विचारलं ते मी पहिल्याच उत्तरात विचारायला पाहिजे होतं. पुढच्या तासाला हा धडा मी पिशवीच्या प्रश्नापासनं सुरू करणार आहे.

सीटीएक्स म्हणजे ऑस्टिओक्लास्टनं हाडातलं कोलॅजेन कापलं की रक्तात येणारा एक तुकडा. मागाखाली पडलेल्या सुताच्या कचऱ्यावरनं माग किती चालला ते ओळखावं तसं. आत्ता एक आकडा घेऊन ठेवला की सलाईननंतर तो किती खाली आला ते बघता येतं. हाड रात्री आणि पहाटे जास्त खाल्लं जातं आणि जेवलं की कमी होतं, त्यामुळं वेळ बदलली तर आकडा बदलतो. सकाळी लवकर, रात्रभराच्या उपाशीपोटी द्यायचं, चहापण नको, आणि पुढच्या वेळीपण त्याच लॅबमध्ये त्याच वेळेला. मनगट आत्ताच मोडलंय त्यामुळं आकडा त्यानंपण चढलेला येईल, फ्रॅक्चरनंतर काही महिने तसं राहतं, तो बघून घाबरू नका आणि रक्त घेताना फ्रॅक्चरची तारीख लॅबच्या कागदावर लिहायला सांगा.